प्रबल क्षारकाची संहती व पीएच मूल्य

पाण्यात विरघळल्यावर ज्यांचे जवळजवळ संपूर्ण विगमन होऊन (घटक आयनांत म्हणजे विद्युत् भारित कणांत विभाजन होऊन) हायड्रॉक्सिल आयन मुक्त होतात, अशा क्षारकांना प्रबल क्षारके म्हणतात. सोडियम हायड्रॉक्साइड (दाहक सोडा), पोटॅशियम हायड्रॉक्साइड (दाहक पोटॅश), बेरियम हायड्रॉक्साइड व काही मर्यादेपर्यंत कॅल्शियम हायड्रॉक्साइड (विरलेला चुना) ही त्यांची परिचित उदाहरणे होत. विद्रावाचे पीएच मूल्य म्हणजे त्यातील हायड्रोजन आयनांच्या संहतीचा (मोल प्रती लिटर या एककातील प्रमाणाचा) १० या पायावरील ऋण लॉगरिथम होय. या मूल्यावरून प्रबल क्षारकाची संहती काढण्याची रीत सोपी आहे. २५° से. तापमानास पीएच मूल्य १४ मधून वजा करतात; येणाऱ्या संख्येइतका १० चा ऋण घात घेतला म्हणजे हायड्रॉक्सिल आयनांची संहती मिळते; क्षारकाच्या एका घटकापासून जितके हायड्रॉक्सिल आयन सुटतात तितक्या संख्येने तिला भागले म्हणजे क्षारकाची संहती मिळते. उदा., सोडियम हायड्रॉक्साइडाच्या एखाद्या विद्रावाचे पीएच मूल्य १२·३० असेल, तर वजाबाकी १·७० येते, हायड्रॉक्सिल आयनांची संहती लिटरला सु. ०·०२ मोल ठरते आणि लिटरभर विद्रावात सु. ०·८ ग्रॅ. दाहक सोडा आहे असा निष्कर्ष निघतो.

शालेय गणितात ही रीत दोन ओळींत संपते. तिच्यात एक विलक्षण गोष्ट मात्र दडलेली आहे. पीएच १३ असलेल्या लिटरभर विद्रावात हायड्रॉक्सिल आयनांची संख्या ६ या अंकावर २२ शून्ये इतकी असते. तर हायड्रोजन आयनांची केवळ ६ वर १० शून्ये इतकी. म्हणजे जे मोजायचे ते विपुल असूनही मोजमाप त्याचे न करता, जे जवळजवळ नाहीच त्याचे केले जाते आणि त्यावरून विपुलाचा हिशेब मांडला जातो. असा आडवळणाचा मार्ग रसायनशास्त्राने का स्वीकारला आणि तो कोठवर विश्वसनीय आहे, हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

राखेपासून ब्युरेटपर्यंत : क्षाराची तीव्रता ओळखण्याची गरज फार जुनी आहे. अल्कली हा शब्द वनस्पतींच्या राखेच्या अरबी नावावरून आलेला आहे. भारतात सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माऐवजी वापरावयाच्या क्षारांचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे प्रकार सांगितले असून ते तयार करण्याची कृती दिली आहे. मुष्ककादी वनस्पतींच्या राखेचे पाणी गाळून आटवावयाचे, त्यात भाजलेली चुनखडी, शंख इ. मिसळावयाचे आणि तयार झालेला क्षार लोखंडी पात्रात झाकून ठेवावयाचा, असे या कृतीचे स्वरूप आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीची विशेष दखल घेतली आहे आणि ते योग्यच आहे. कारण राखेतील कार्बोनेटाचे चुन्याच्या साहाय्याने दाहक क्षारात रूपांतर करण्याची ही कृती तत्त्वतः निर्दोष आहे. तथापि येथे तीक्ष्णता ही वैद्याने परिणामावरून जाणावयाची गोष्ट होती, संख्येने सांगावयाची नव्हे. यूरोपातील साबण करणारेही राखेच्या पाण्यात अंडे तरंगते की बुडते यावरून त्याचा कस ठरवीत.

अँग्लो-आयरिश शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात जांभळ्या व्हायोलेट फुलांचे सरबत अम्लाने तांबडे व क्षाराने हिरवे होते हे नमूद केले. त्यामुळे अम्ल व क्षार यांमधील सीमा डोळ्यांना दिसू लागली. पण सीमेपासून किती दूर हे त्यावरून कळत नव्हते. जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये सौम्य व दाहक क्षार यांतील फरक पहिल्यातील ‘बद्ध वायू’मुळे (कार्बन डाय-ऑक्साइडामुळे) असतो, हे दाखवून सुश्रुताच्या कृतीमागील कारण प्रथमच उघड केले. त्याच वर्षी एडिंबरो येथील फ्रान्सिस होम यांनी कापडाच्या विरंजनावर लिहिलेल्या पुस्तकात पोटॅशचा कस लावण्यासाठी त्यावर विरल नायट्रिक अम्ल चमच्याचमच्याने घालून फसफसणे थांबेपर्यंत किती चमचे लागतात हे मोजले. घनफळावरून रासायनिक परिमाण ठरविण्याचा हा एक आद्य प्रयत्न समजला जातो. विल्यम ल्यूइस यांनी १७६७ मध्ये अमेरिकन पोटॅशच्या परीक्षेसाठी लिटमसने रंगविलेला कागद व वजन करून घेतलेले अम्ल वापरले. फ्रान्समध्ये देक्रवाझील (१७५१–१८२५) यांनी १८०६ मध्ये क्षारमापक नावाची अंशांकित नळी प्रसिद्ध केली, गे-ल्युसॅक यांनी १८२८ मध्ये व्यापारी पोटॅशच्या परीक्षणाची पद्धती निश्चित केली आणि कार्ल फ्रीड्रिख मोर यांच्या १८५५ च्या ग्रंथाने अनुमापनाला (ज्ञात संहतीच्या विद्रावाचे लागणारे घनफळ मोजून अज्ञात संहती काढण्याच्या पद्धतीला) आजचे रूप दिले.

या सर्व मंडळींच्या मागे व्यापाराची निकड होती. साबण, काच, कापड या धंद्यांना लागणारा पोटॅश दूरवरून येई, त्यात भेसळ असे आणि किंमत कसावर ठरे. त्यांना हवी होती ती क्षाराची एकूण मात्रा. आणि अनुमापनाने तीच मिळते. परंतु एकाच घनफळाच्या अम्लाने उदासीन होणारे अमोनियाचे व दाहक सोड्याचे विद्राव कातडीवर, रेशमावर किंवा एंझाइमांवर (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर) सारखाच परिणाम करीत नाहीत, हे ब्युरेट सांगू शकत नाही. अनुमापन करताना विद्रावातील मुक्त हायड्रॉक्सिल आयन संपू लागले की, अमोनियासारख्या दुर्बल क्षारकाचे उरलेले रेणू पुढे सरसावतात आणि अखेरीस सर्वांची गणना होते. मात्रा व तीव्रता या दोन वेगळ्या राशी आहेत, हे ओळखले जाण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

पाण्याचा स्थिरांक : स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्टे आउगुस्ट अऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात विद्युत् विच्छेद्य पदार्थांच्या संवाहकतेचा विचार मांडला आणि १८८७ मध्ये विद्रावातील लवणे, अम्ले व क्षारके मुळातच आयनांत विभागलेली असतात हा सिद्धांत स्पष्टपणे प्रतिपादन केला. अम्लता हायड्रोजन आयनांमुळे व क्षारकता हायड्रॉक्सिल आयनांमुळे येते, असे त्यावरून ठरले. प्रबल व दुर्बल हे शब्दही त्यामुळे काटेकोर झाले : विगमन जवळजवळ पूर्ण होते ते प्रबल, अंशतः होते ते दुर्बल. एक जुने कोडे यामुळे सुटले. कोणतेही प्रबल अम्ल कोणत्याही प्रबल क्षारकाने उदासीन केले, तरी विरल विद्रावात मोलमागे जवळजवळ तेवढीच, सु. १३·७ किलोकॅलरी (सु. ५७ किलोजूल) उष्णता बाहेर पडते, असे आढळले होते. उष्णतेतील ही समानता आता स्वाभाविक ठरली, कारण प्रत्येक वेळी घडणारी विक्रिया एकच : हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयनांपासून पाणी बनण्याची.

ही विक्रिया उलटही चालत असली पाहिजे, म्हणजेच शुद्ध पाण्याचेही अत्यल्प आयनीभवन होत असले पाहिजे. ते किती हा प्रश्न १८९३-९४ च्या सुमारास निरनिराळ्या बाजूंनी सोडविला गेला. लाइपसिक येथे व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी अम्ल व क्षारक यांच्या विद्युत् घटाच्या दाबावरून, व्हाइस यांनी एस्टराच्या जलीय विच्छेदनाच्या वेगावरून, तर फ्रीड्रिख कोलराउश व आडोल्फ हायडव्हायलर यांनी पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून मिळविलेल्या असामान्य शुद्धतेच्या पाण्याच्या विद्युत् संवाहकतेवरून उत्तर काढले. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या या पद्धतींनी एकच उत्तर दिले : सर्वसाधारण तापमानास लिटरभर पाण्यात प्रत्येक आयनाचा सु. एक कोट्यंश मोल असतो. आयन सिद्धांताला त्या काळी कडवे विरोधक होते. त्यांना मिळालेले याहून समर्पक उत्तर क्वचितच सापडेल.

या संख्येतून आपल्या विषयाची किल्ली हाती येते. समतोलाच्या नियमानुसार हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयनांच्या संहतींचा गुणाकार, म्हणजे पाण्याचा आयनी गुणाकार, ठराविक तापमानास कायम राहतो. २५° से. ला त्याचे मूल्य १० चा ऋण १४ वा घात इतके आहे. पाण्यात क्षारक टाकले की एक आयन वाढतो, म्हणून दुसऱ्याला त्याच प्रमाणात घटावे लागते. एकाचे मोजमाप म्हणजे दुसऱ्याचेही मोजमाप झाले. ‘१४ मधून वजा करा’ या शालेय सूचनेतील १४ हा आकडा येथून आलेला आहे.

सोरेन्सन यांची घातांक पद्धती : क्षारकीय विद्रावाचेही वर्णन हायड्रोजन आयनांच्याच संहतीने करावे ही सूचना सोरेन्सन यांच्या आधीची आहे. बर्लिन येथील हान्स फ्रीडेन्टाल यांनी १९०४ मध्ये ती मांडली आणि हंगेरियन वैद्य पाल सिली यांच्या साहाय्याने ज्ञात आयनसंहतीच्या विद्रावांची व रंग पालटणाऱ्या दर्शकांची मालिका तयार केली. पाण्याचा स्थिरांक ठाऊक असल्याने एकाच आयनाच्या भाषेत तीव्र अम्लापासून तीव्र क्षारकापर्यंत सर्व विद्राव एका रांगेत बसविता येतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. परंतु त्यांच्या संख्या दशांश चिन्हानंतरच्या शून्यांनी लांबलेल्या होत्या. तक्त्यात व आलेखात त्या मांडणे जिकिरीचे होते.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख सोरेन पेटर लाउरिट्स सोरेन्सन (१८६८–१९३९) यांना क्षारकांत मुळीच स्वारस्य नव्हते. बिअर बनविण्याच्या धंद्यातून जन्मलेल्या या प्रयोगशाळेत ते एंझाइमांचा अभ्यास करीत होते. एंझाइमांची क्रियाशीलता विद्रावातील एकूण अम्लावर अवलंबून नसून मुक्त हायड्रोजन आयनांवर अवलंबून असते, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीडशेहून अधिक पृष्ठांच्या निबंधात त्यांनी संहतीऐवजी तिचा ऋण घातांक वापरावा असे सुचविले व त्याला ‘हायड्रोजन आयन घातांक’ हे नाव आणि पी व एच या अक्षरांचे चिन्ह दिले. यांतील पी चा अर्थ घात असा सामान्यतः लावतात. मूळ निबंधातील समीकरणांत पी व क्यू ही दोन विद्रावांची केवळ क्रमदर्शक अक्षरे होती, असेही मत पुढे मांडले गेले आहे. अर्थ काहीही असो, चिन्ह टिकले.

सोरेन्सन यांची मापने प्लॅटिनम व हायड्रोजन वायू यांच्या विद्युत् अग्रावर आधारलेली होती. व्हाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अशा अग्राचे विद्युत् वर्चस् संहतीच्या लॉगरिथमाशी प्रमाणात बदलते, २५° से. ला पीएच मूल्यातील एका अंकाच्या फरकास सु. ५९ मिलिव्होल्ट इतके. त्यामुळे घातांकाची निवड ही केवळ लेखनाची सोय नव्हती. व्होल्टमापकाचा काटा जे सांगतो तेच थेट घातांकात उतरत होते. सोरेन्सन यांनी १८° से. ला पाण्याच्या आयनी गुणाकाराचा घातांकही नव्याने ठरविला. तो त्यांना १४·१४ असा मिळाला. त्यांच्या मूळ मोजपट्टीवर उदासीन बिंदू ७ नसून ७·०७ होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी विसरावयास लावली आहे. क्षारकांच्या रसायनशास्त्राला मात्र सोरेन्सन यांची एक साधी देणगीही मिळालेली आहे. दाहक सोड्याच्या अतिसंहत, तेलकट दिसणाऱ्या विद्रावात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही व तळाशी बसते. वरचा निवळ भाग हवा न लागू देता काढून उकळलेल्या पाण्याने विरल केला असता कार्बोनेटविरहित सोडा मिळतो. ही रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि क्षारकाच्या अचूक मापनाची ती पहिली पायरी आहे.

लेओनोर मिखाएलिस यांच्या १९१४ च्या व मॅन्सफील्ड क्लार्क यांच्या १९२० च्या ग्रंथांनी ही पद्धती जीवरसायनशास्त्र, वैद्यक व मृदाविज्ञान यांत रुजविली. हायड्रॉक्सिल आयनांसाठी तसाच स्वतंत्र घातांक (पीओएच) योजण्यात आला. पण तो गणितातील एक मधली पायरी एवढाच राहिला. त्याचे स्वतंत्र उपकरण कधी प्रचारात आले नाही.

काचेचे विद्युत् अग्र : हायड्रोजन अग्र अचूक असले, तरी ते नाजूक व वेळखाऊ होते. माक्स क्रेमर यांनी १९०६ मध्ये काचेच्या पातळ पटलाच्या दोन बाजूंस अम्लतेत फरक असल्यास विद्युत् वर्चस् निर्माण होते हे पाहिले. १९०९ मध्ये म्हणजे सोरेन्सन यांच्या निबंधाच्याच वर्षी फ्रिट्स हाबर व झिग्मुंट क्लेमेन्सिएव्हिच यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पातळ काचेतून वाहणारा प्रवाह इतका अल्प की, साध्या व्होल्टमापकाने तो कळत नसे. अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नलिकांचे विवर्धक जोडून ही अडचण दूर केली. कॅलिफोर्नियातील लिंबांच्या रसाची अम्लता मोजण्याच्या गरजेतून हे उपकरण जन्मले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोरेन्सन यांचे एंझाइम व बेकमन यांचे लिंबू या दोहोंचा संबंध अम्लाशी वा उदासीन बिंदूच्या आसपासच्या प्रदेशाशी होता. क्षारकाचा प्रदेश या मोजपट्टीचे दुसरे टोक म्हणून आपोआप जोडला गेला.

त्या टोकाला काच दगा देते. हायड्रोजन आयन अतिविरळ व सोडियम आयन विपुल असले म्हणजे काचेचे पटल सोडियमलाही थोडा प्रतिसाद देऊ लागते. १९३० च्या सुमारास प्रचारात आलेल्या सोडा-चुना काचेच्या अग्रात हा दोष पीएच ९ ते १० च्या वर जाणवे. या ‘क्षारीय त्रुटी’मुळे वाचन खऱ्याहून कमी येते व त्यावरून काढलेली सोड्याची संहतीही कमी भरते. लिथियमयुक्त काचेने हा दोष बराच कमी झाला. नाहीसा मात्र झाला नाही.

लॉगरिथमाची मोजपट्टी दुसरीही किंमत मागते. पीएच वाचनात ०·१ इतकी चूक झाली, तर संहतीत सु. २६ टक्के चूक होते. ०·०२ ची चूकही सु. ५ टक्क्यांची ठरते. काळजीपूर्वक केलेल्या अनुमापनातील चूक याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते.

‘प्रबल’ म्हणजे किती प्रबल : रीत अचूक ठरावयाची, तर क्षारकाचे पूर्ण विगमन झाले पाहिजे. अमोनियाच्या लिटरला ०·१ मोल संहतीच्या विद्रावाचे पीएच मूल्य सु. ११·१ असते. प्रबल क्षारक समजून गणित केले, तर उत्तर ०·००१३ मोल येते, म्हणजे खऱ्याच्या सु. पंचाहत्तरावा भाग. ही चूक ढोबळ आहे व सहज ओळखता येते. सूक्ष्म चूक प्रबल क्षारकांच्या बाबतीतच होते आणि तिचा उलगडा होण्यास पाव शतक लागले.

अऱ्हेनियस यांच्या मते प्रबल विद्युत् विच्छेद्यांचेही संहत विद्रावात विगमन अपुरे राहते. संवाहकतेवरून विगमनाचा अंश काढून ते तसा हिशेब करीत. परंतु दुर्बल अम्लांना चपखल लागू पडणारा ओस्टव्हाल्ट यांचा नियम दाहक सोड्याला व मिठाला लागू पडेना. कोपनहेगन येथील नील्स ब्येरम यांनी १९०९ मध्ये अशा विद्रावांत विगमन पूर्णच असते असे प्रतिपादन केले. कलकत्त्यात ज्ञानचंद्र घोष (१८९४–१९५९) यांनी १९१८ मध्ये हीच भूमिका घेऊन आयनांमधील विद्युत् आकर्षणाचे गणित मांडले. आयन विद्रावातही स्फटिकाप्रमाणे जाळीदार रचनेत असतात हे त्यांचे गृहीत पुढे टिकले नाही; पण पूर्ण विगमन व आंतरआयनी आकर्षण ही दिशा बरोबर होती आणि तिच्याकडे यूरोपातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. पेटर डेबाय व एरिख ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा मेघ असतो असे मानून समाधानकारक सिद्धांत दिला. या मेघामुळे आयन संख्येने पूर्ण असले, तरी त्यांचा परिणाम उणा पडतो. या परिणामकारी संहतीला सक्रियता म्हणतात. ही संकल्पना गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९०७ मध्येच मांडली होती. विद्युत् अग्राला कळते ती सक्रियता, मोजलेली संख्या नव्हे. सोरेन्सन यांनीच १९२४ मध्ये लिंडरस्ट्रॉम-लँग यांच्याबरोबर सक्रियतेवर आधारलेली सुधारित व्याख्या सुचविली.

याचा प्रत्यय दाहक सोड्याच्या लिटरला ०·१ मोल संहतीच्या विद्रावात येतो. साध्या गणिताने त्याचे पीएच मूल्य १३ यावयास हवे. वास्तविक ते सु. १२·९ असते. उलट दिशेने गेल्यास ०·१ ऐवजी ०·०८ मोल एवढेच उत्तर मिळते. याहून बोलके उदाहरण घरोघरी परिचित असलेल्या चुन्याच्या निवळीचे आहे. २५° से. ला संपृक्त (आणखी पदार्थ विरघळणार नाही इतक्या) निवळीत लिटरला सु. ०·०२ मोल, म्हणजे सु. १·५ ग्रॅ. कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते व प्रत्येक मोलापासून हायड्रॉक्सिल आयनांचे दोन मोल मिळावयास हवेत. तिचे काळजीपूर्वक मोजलेले पीएच मूल्य १२·४५ आहे. रीतीप्रमाणे वजाबाकी १·५५, हायड्रॉक्सिल आयनांची संहती ०·०२८ मोल व निम्मे केल्यावर चुना ०·०१४ मोल, म्हणजे लिटरला जेमतेम १ ग्रॅ. येतो. जवळजवळ तिसरा हिस्सा चुना हिशेबातून गळाला. तो कोठेही गेलेला नसतो : दोन भारांचे कॅल्शियम आयन हायड्रॉक्सिल आयनांना अधिक जखडतात, काही तर त्यांच्याशी जोडी करून राहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५६ मध्ये याच निवळीची तीव्र क्षारकीय विद्रावांसाठी प्रमाण म्हणून शिफारस केली. ती कोठेही सहज तयार करता येते व तिचे मूल्य स्थिर राहते. मात्र तिच्यातील चुना तिच्या पीएचवरून काढू नये.

विरल टोकालाही रीत फसते. लिटरला एक कोट्यंश मोलाचाही दहावा भाग इतकाच दाहक सोडा घेतला आणि यांत्रिकपणे गणित केले, तर पीएच ६ येते, म्हणजे सोडा घालून पाणी अम्लीय झाले असे ठरते. येथे पाण्याचे स्वतःचे आयन क्षारकाच्या आयनांहून जास्त असतात व ते हिशेबात धरावे लागतात; तसे केल्यास उत्तर ७·०२ येते. प्रत्यक्षात इतक्या विरल विद्रावात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडच वरचढ ठरतो. स्थूलमानाने लिटरला एक लक्षांश मोलापासून एक शतांश मोलापर्यंतच्या पट्ट्यात, तेही हवेपासून जपलेल्या विद्रावात, साधे गणित समाधानकारक ठरते.

तापमान : पाण्याच्या आयनीभवनास उष्णता लागते, त्यामुळे तापमान वाढताच आयनी गुणाकार झपाट्याने वाढतो. हर्बर्ट हार्नेड व वॉल्टर हॅमर यांनी १९३३ मध्ये अत्यंत काटेकोर पद्धतीने त्याची मूल्ये निश्चित केली. त्याचा घातांक ०° से. ला १४·९४, २५° ला १४·००, शरीराच्या तापमानास सु. १३·६ व ६०° ला १३·०२ आहे. याचा परिणाम थोडा नाही. पीएच १२ हे एकच वाचन २५° से. ला लिटरला ०·४ ग्रॅ. दाहक सोडा दर्शविते, तर ६०° ला सु. ३·८ ग्रॅ.; आणि ०° ला ०·०५ ग्रॅमहूनही कमी. १४ हा आकडा निसर्गाचा अटळ नियम नसून एका विशिष्ट तापमानाची खूण आहे, हे सांगितल्यावाचून ही रीत शिकविणे धोक्याचे होय.

कारखान्यांत या गोष्टीला व्यावहारिक महत्त्व आहे. सुती कापडाला चमक आणण्याच्या मर्सरीकरणात सोड्याचे विद्राव इतके संहत असतात की, तेथे पीएच मूल्याला अर्थ उरत नाही. विशिष्ट गुरुत्वमापक व अनुमापन यांवरच काम चालते. धुलाईनंतरच्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी आहे. भारतातील पर्यावरण नियमांप्रमाणे असे पाणी सोडताना त्याचे पीएच मूल्य ठराविक मर्यादांच्या आत असावे लागते. त्यासाठी किती अम्ल घालावे हे मात्र पीएचवर नव्हे, तर क्षारकाच्या एकूण मात्रेवर ठरते. पाणी ऊन असेल, तर २५° से. चे सूत्र वापरल्याने अम्लाचा अंदाज कित्येक पटींनी कमी पडतो. त्यात सोडियम कार्बोनेटही असल्यास पीएच मूल्य एकट्या सोड्याचा हिशेब देत नाही आणि पुन्हा होम व गे-ल्युसॅक यांच्या मार्गाने जावे लागते. अलीकडील पीएच मापकांत तापमान-भरपाईची सोय असते. ती विद्युत् अग्राच्या व्होल्टांचे अंकांत रूपांतर करण्यापुरती असते. पाण्याच्या आयनी गुणाकारातील बदल ती दुरुस्त करीत नाही. तो बदल गणित करणाऱ्यानेच, मोजलेल्या तापमानाचा घातांक घेऊन, हिशेबात धरावयाचा असतो.